गेटवेहून लाँचने रेवदंडा-कोर्लई: एका दिवसात नीट होतं का?

दादर_पश्चिम

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्हा चौघांना रेवदंडा आणि कोर्लई बघून त्याच दिवशी मुंबईला परतायचं आहे. मुक्काम नको. दोघं पस्तिशीतले, एक बारा वर्षांचा मुलगा आणि माझी आई, वय ६४. आई सपाटीवर कितीही चालते, पण पायऱ्या उतरताना तिचा गुडघा धरतो. गाडी न्यायची नाही, जाता-येता लाँचच.

कुलाबा किल्ला, काशीद, मुरुड या खेपेला बाजूला ठेवलं आहे. पोर्तुगीजांनी दोनशेच्या वर वर्षं ताब्यात ठेवलेलं ठाणं मुंबईच्या इतक्या जवळ आहे, तर तेवढंच नीट पाहायचं आहे. विचारायचं ते असं: कितीची लाँच धरावी, अलिबागहून पुढे कसं जावं, दोन किल्ल्यांपैकी आधी कुठला घ्यावा, आईला कोर्लई झेपेल का, आणि भरती-ओहोटीचा विचार करायला लागतो का? त्या शनिवारी दिनदर्शिकेत षष्ठी दिसते.

खाडीपलीकडे

एका दिवसात होतं. पण आखणी शेवटाकडून करा. परतीची लाँच आधी ठरवायची आणि तिथून मागे मागे येत सकाळ ठरवायची. बहुतेकांचं उलट होतं. सकाळी आरामात निघतात आणि मग रेवदंड्याला तट बघायच्या ऐवजी घड्याळ बघत बसतात.

मांडव्याहून गेटवेची शेवटची लाँच संध्याकाळी साडेसहाच्या आसपास असते. हंगामाप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून सकाळी तिकीट काढतानाच त्या दिवसाची वेळ विचारून घ्या. शेवटच्या लाँचवर भिस्त ठेवू नका. शनिवार-रविवारी संध्याकाळी मांडव्याला मोठी रांग लागते, आणि लाँच भरली की भरली. तुमचं लक्ष्य शेवटच्या आधीची लाँच असू द्या, म्हणजे एक लाँच हाताशी राहते. अलिबागहून मांडव्याची बस लाँचच्या तास-सव्वा तास आधी सुटते. हे सगळं मागे मोजत आलं की रेवदंडा साडेतीनला, फार तर पावणेचारला सोडायला लागतं.

आता सकाळ. गेटवेहून पहिली लाँच सहा-सव्वासहाच्या सुमारास सुटते. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर तिच्या पाठची. त्याहून उशीर केलात तर दोनपैकी एक किल्ला सोडावा लागेल. तिकीट खिडक्या गेटवेजवळच आहेत. पीएनपी, मालदार आणि अजंठा या तिघांच्या लाँच आहेत आणि भाडं वर्गाप्रमाणे बदलतं. वरच्या डेकवर बसायचे थोडे वेगळे पैसे लाँचवरच घेतात. बॅगा तपासूनच आत सोडतात, म्हणून सुटायच्या अर्धा तास आधी पोचा. पाण्यावर साधारण एक तास जातो.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. पीएनपी आणि मालदारच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते आणि बसमध्ये चढताना तेच तिकीट दाखवायचं असतं. लाँचमधून उतरताना मुलाच्या हातातलं तिकीट समुद्रात गेलं की बसचं तिकीटही गेलं. चारही तिकिटं एकाच्या खिशात ठेवा. बस त्या त्या लाँचला जोडलेली असते, लोक चढले की निघते. जेट्टी लांब आहे, तिथे फोटो काढत रेंगाळलात तर बस निघून जाईल आणि पुढची लाँच लागेपर्यंत ताटकळावं लागेल. आईंना पुढे घालून आधी बस गाठा. फोटो परतताना काढा, तेव्हा उजेडही चांगला असतो. स्वच्छतागृह मांडव्याला जेट्टीजवळ आहे आणि मग अलिबागला. त्यानंतर कोर्लईच्या किल्ल्यावर काहीही नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, बसने पाऊण तास. अलिबाग ते रेवदंडा १७ किलोमीटर, रस्ता अक्षी, नागाव, चौल असा वाड्यांमधून जातो. पुढे कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, तिथून उजवीकडे कोर्लई चार-पाच किलोमीटर. मुरुडकडे जाणारी एसटी हाच रस्ता घेते आणि कोर्लईला थांबते. रेवदंड्यापर्यंत मिनीडोरही (वाटून जायच्या मोठ्या रिक्षा) मिळतात. पण चौघं आहात आणि वेळ मोजका आहे, तर अलिबाग स्टँडजवळून रिक्षा दिवसाची ठरवा. ठरवताना चार नावं स्पष्ट घ्या: कोर्लई दीपगृह, कोर्लई गाव, रेवदंडा किल्ला, परत अलिबाग. थांबायचे पैसे धरूनच आकडा ठरवा. नुसतं 'कोर्लई-रेवदंडा' म्हटलं की रिक्षा कोर्लई फाट्यावर उभी राहते, आणि दीपगृहापर्यंतच्या अरुंद रस्त्याचे पैसे वेगळे मागितले जातात.

बुरुज_आणि_बातेरी

वरच्या आखणीला पूर्ण दुजोरा. त्यात एक भर: रिक्षावाल्याला 'चौलचा पोर्तुगीज किल्ला' म्हणू नका. तो तुम्हाला चौल नाक्याला नाहीतर रामेश्वराच्या देवळाशी सोडेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पुस्तकांत ज्याला पोर्तुगीजांचं चौल म्हणतात ते आजचं रेवदंडा. जुनं चौल, म्हणजे चंपावती, हे आतल्या बाजूचं बंदर आणि बाजारपेठ. ते निजामशाहीकडे होतं. पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी, समुद्राला लागून आपलं वेगळं शहर वसवलं. चौलला आलेल्या मालावर आणि जहाजांवर नजर ठेवायची तर तोंड हातात हवं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

ही जागा का महत्त्वाची, ते तिथे उभं राहिल्यावर दोन मिनिटांत कळतं. रेवदंड्याच्या तटावरून दक्षिणेला बघा. खाडीचं तोंड, आणि पलीकडे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. ती सोंड म्हणजे कोर्लई. पोर्तुगीज तिला 'मोरो' म्हणत. ज्याच्याकडे मोरो, त्याच्या तोफांखालून प्रत्येक गलबत जाणार. म्हणून हे दोन किल्ले एकत्रच पाहायचे असतात. एकटं रेवदंडा किंवा एकटं कोर्लई पाहिलं तर निम्मंच कळतं.

इतिहास थोडक्यात, मुलाला सांगायला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची गाठ इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी पडली. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याचं काम सुरू केलं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने मोठा वेढा घातला, पण ठाणं पडलं नाही. मग निजामशाहीने समोरच्या मोरोवर तटबंदी उभारली. तिचा धाक इतका होता की १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून ती जागाच घेतली. पुढे वसईची मोहीम झाली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी सुभानराव माणकरांना कोर्लईवर पाठवलं, आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. १५२१ ते १७४०. मुंबई इंग्रजांच्या हातात होती त्याहून साठेक वर्षांनी कमी, पण गलबतांच्या काळात २१९ वर्षं हे ठाणं टिकवणं सोपं नव्हतं.

आता पाहायचं काय. कोर्लईला दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढतात. धट्टेकट्टे असाल तर पंधरा-वीस मिनिटं. पायऱ्या दगडी, उंचीला सारख्या नाहीत आणि काही ठिकाणी सुट्या माती-खड्यांवरून घसरायला होतं. किल्ला म्हणजे डोंगराच्या पाठीवर ओढलेली एक लांब पट्टी: लांबी २८०० फुटांच्या वर आणि रुंदी सरासरी नव्वद फुटांच्या आत. म्हणजे बहुतेक ठिकाणी एकाच जागी उभं राहून दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं, एकीकडे समुद्र आणि एकीकडे खाडी. ही पट्टी आडव्या भिंती घालून कप्प्याकप्प्यांत तोडली आहे आणि प्रत्येक भिंतीला दरवाजा आहे. शत्रू एका कप्प्यात आला तरी पुढचा दरवाजा लावून घेता यावा, हा त्यामागचा हिशोब. दरवाजे मोजत जा. मुलाला हे काम द्या, तो कंटाळणार नाही.

सगळ्यात वर छप्पर गेलेलं चर्च आहे आणि जवळ पावसाचं पाणी साठवायचं टाकं. या टाक्याकडे वाकून बघा. वरचा भाग बंद आहे आणि पाणी काढायला फक्त तीन गोल भोकं ठेवली आहेत, प्रत्येक साधारण फूटभर व्यासाचं. एवढ्या भोकातून पोहरा जातो, माणूस पडत नाही, पाला कमी पडतो आणि उन्हाने पाणी आटत नाही. काठाला हात लावलात तर दगड किती गुळगुळीत झाला आहे ते कळेल. वेढ्याच्या काळात तोफांपेक्षा या तीन भोकांवर जास्त जीव अवलंबून होते. आजचं पाणी मात्र पिऊ नका. माणशी दीड-दोन लिटर खालूनच घेऊन चढा, वर सावली जवळपास नाही.

तोफा अजून आहेत. त्यांच्यावर मुलांना बसवू नका आणि बुरुजाच्या कडेच्या दगडांवर भार देऊ नका. चुना निघून गेलेला आहे आणि दगड नुसते एकमेकांवर टेकलेले आहेत. बुरुजांची पोर्तुगीज नावं संतांची होती, मराठ्यांनी ती बदलली. सान दिएगोचा गणेश बुरुज झाला. उत्तरेकडे किल्ला उतरत उतरत समुद्राला भिडतो. तिकडे पूर्ण जाऊन परत चढायला आणखी पाऊण तास लागतो. एका दिवसाच्या फेरीत मी ते सोडायला सांगेन.

क्रमाबद्दल: आधी कोर्लई, मग रेवदंडा. जानेवारीतही अकरानंतर त्या उघड्या डोंगरावर ऊन चटके देतं, उलट रेवदंड्याचे अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत आणि भर दुपारी फिरलं तरी चालतं.

आईंसाठी कोर्लईची चढण मी सुचवणार नाही. चढतील, पण उतरताना गुडघा धरला तर मध्येच बसायलाही जागा नाही. त्या दीपगृहाच्या आवारापाशी थांबू शकतात. तिथून समुद्र आणि वरचा तट दोन्ही दिसतात. रेवदंडा मात्र पूर्ण सपाट आहे, तिथे त्यांना सगळं पाहता येईल.

वसईची_वेस

आईंना एक किल्ला खालूनच पाहायला लावणार असाल तर वसईचा विचार करा. तेही पोर्तुगीजांचंच, १५३४ ते १७३९, आणि रेवदंड्याहून कितीतरी मोठं. उत्तरेच्या पोर्तुगीज मुलखाची राजधानीच होती ती. २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो, म्हणजे गाड्या आणि माणसं दोन्ही नेणारी बोट, सुरू आहे. पाण्यावर पंधरा मिनिटांच्या आसपास आणि वसईची जेट्टी किल्ल्याला लागूनच. उतरलं की चालत आत. पायऱ्यांचा प्रश्न नाही, सगळा किल्ला सपाटीवर. दुमजली-तिमजली चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि डॉमिनिकन, जेझुइट, फ्रान्सिस्कन प्रत्येकाचं आवार वेगळं ओळखता येतं. लोकलने दादरहून भाईंदर, मग रो-रो, आणि परतताना वसई रोडहून थेट गाडी. अर्ध्या दिवसात होतं.

बुरुज_आणि_बातेरी

वसई पाहावीच, पण वेगळ्या दिवशी. वसईच्या रो-रोवर बसेपर्यंत उतरायची वेळ येते. यांना लाँचचा प्रवास हवा आहे. शिवाय कोर्लईत जे आहे ते वसईला नाही: पोर्तुगीज गेल्यावरही उरलेली भाषा.

दादर_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. वसई पुढच्या महिन्यात नक्की. या खेपेला रेवदंडा-कोर्लईच. आई दीपगृहापाशी थांबायला तयार आहे. त्या भाषेबद्दल आणखी सांगाल का? आणि रेवदंड्याच्या आत नक्की कुठून कुठे चालायचं? भरतीचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

खाडीपलीकडे

भाषेबद्दल आधी. कोर्लईचं वरचं गाव ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांचं आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले, पाद्री आणि अधिकारी गेले, पण ही कुटुंबं राहिली. आजूबाजूला सगळीकडे मराठी, घरात मात्र पोर्तुगीजपासून तयार झालेली स्वतःची बोली. ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली आहे, क्रियापद शेवटी येतं. ऐकताना शब्द ओळखू येत नाहीत आणि चाल मात्र ओळखीची वाटते, ती त्यामुळेच.

ती ऐकायला मिळाली तर नशीब समजा, पण मागायला जाऊ नका. 'जरा बोलून दाखवा' म्हणत दारोदार फिरणाऱ्यांचा गावाला उबग आला तर त्यात नवल नाही. माउंट कार्मेल चर्चपाशी शांतपणे जा, चर्च उघडं असेल तर आत बसा, दुकानातून काही घ्या, मराठीतच बोला. सगळ्यांना मराठी उत्तम येते. घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नको.

दीपगृहाकडे जाणारा रस्ता कोळीवाड्यातून जातो. जानेवारीत दोन्ही बाजूंना वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील आणि जमिनीवर जाळ्या पसरून सुकट वाळत घातलेली असते. रिक्षा हळू घ्यायला सांगा. टायरखाली गेलेली सुकट म्हणजे कुणाची तरी दिवसभराची मेहनत असते. समोरून टेम्पो आला तर कुणालातरी मागे घ्यावंच लागतं, त्यासाठी दहा मिनिटं धरून ठेवा. दीपगृह आतून ठरावीक वेळेतच तिकीट काढून दाखवतात. तुमच्या सकाळच्या वेळात ते बसेलच असं नाही, म्हणून त्यावर आखणी बांधू नका.

रेवदंड्यात रस्ताच तटातून आत शिरतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आपण किल्ल्यात आलो हे कळतच नाही, कारण आत बाजार, घरं, शाळा, वाड्या सगळं नांदतं गाव आहे. पुढे एक मोठा चौकोनी मनोरा झाडांच्या डोक्यावरून दिसतो. त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन चर्चचा हा मनोरा पूर्वी सात मजल्यांचा होता, म्हणून हे नाव. आता वरचे मजले पडले आहेत आणि वर चढता येत नाही. अगदी बुंध्याशी उभं राहून वर बघा. मजल्यांच्या तुळयांसाठी ठेवलेल्या खोबणी दिसतात, त्यावरून मजले मोजता येतात. तिथून जवळच्या वाड्यांमध्ये इतर चर्चचे अवशेष आहेत आणि सेंट फ्रान्सिस झेवियरने जिथे प्रवचन केलं असं सांगतात ते छोटं चॅपल आहे. बऱ्याच वाड्या खाजगी आहेत. गडगा ओलांडायच्या आधी हाक मारायची, 'बघायला येऊ का' विचारायचं. नाही म्हणणारे फार थोडे. पडलेली सुपारी-नारळ उचलायचे नाहीत.

रशियाहून आलेला प्रवासी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला होता, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या हायस्कूलच्या आवारात आहे. शाळा सुरू असेल तर फाटकावर विचारूनच आत जा.

जेवण रेवदंड्यात. घरगुती खानावळी आहेत, पण आयत्या वेळी चौघं गेलात तर मासळी साफ करण्यापासून सुरुवात होते आणि तास जातो. कोर्लईला निघण्याआधी, सकाळी रेवदंड्यातून जातानाच थांबून सांगून ठेवा: किती माणसं, किती वाजता, शाकाहारी किती. शाकाहाऱ्यांसाठी वालाचं बिरडं आहे का विचारा, ते या भागाचं खास. पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मात्र दुपारी मिळत नाही, ती रात्रीची आणि सांगून ठेवायची गोष्ट आहे.

भांग_उधाण

भरतीचं मी सांगतो, कारण रेवदंड्याचा अर्धा किल्ला त्यावर अवलंबून आहे. वाड्यांमधले अवशेष कधीही बघता येतात. पण पश्चिमेचा तट थेट पुळणीवर उतरतो, आणि तो बाहेरून, वाळूत उभं राहून बघण्यात खरी गंमत आहे. जांभा नाही, काळा कातळ आणि चुना. खालच्या दगडांवर कालवांची कवचं चिकटलेली दिसतात, आणि ती जिथे संपतात तिथपर्यंत रोज पाणी चढतं हे न सांगता कळतं. पूर्ण भरतीला तटाच्या बुंध्याशी चालायला वाळू शिल्लक राहत नाही.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. पक्षाच्या सुरुवातीच्या तिथींना तो बरोबर बसतो, पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना खरी भरती या आकड्याच्या अर्धा-पाऊण तास पुढे जाते. म्हणून अंदाज तिथीवरून घ्या आणि पक्की वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. रेवदंड्याला तीच वेळ थोड्या फरकाने लागू पडते.

तुमच्या शनिवारी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचार-पावणेपाचला, ओहोटी सकाळी साडेदहाच्या आसपास. तुम्ही तटापाशी पोचाल ते जेवून, दीड-दोनला. तेव्हा पाणी निम्मं चढलेलं असेल आणि चढतच असेल. षष्ठीला भांग (अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी) जवळ आलेला असतो, पाणी फार वर चढत नाही आणि फार खालीही उतरत नाही, त्यामुळे धोका नाही, पण तट बाहेरून पूर्ण फिरता येणार नाही. क्रम उलटा करून आधी रेवदंडा घेतलंत तर ओहोटी साधते, पण मग कोर्लईची चढण बाराच्या उन्हात येते. बारा वर्षांचा मुलगा बरोबर असताना ते करू नये असं माझं मत आहे.

जमत असेल तर सहल एक आठवडा पुढे ढकला. पुढच्या शनिवारी त्रयोदशी येईल. तेराची पाऊणपट पावणेदहा, खरी भरती दहा-साडेदहाला, आणि ओहोटी चार-साडेचारला. म्हणजे सकाळी तुम्ही कोर्लईवर असताना खाडी तुडुंब भरलेली दिसेल आणि दोन वाजता रेवदंड्याला याल तेव्हा पाणी मागे हटत असेल. पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असल्यामुळे उधाणाची ओहोटी, पाणी खूप खाली जातं. दोन ते सव्वातीन तुम्हाला वाळू मोकळी होत जाताना मिळेल. ओल्या शेवाळावर पाय घसरतो, तेव्हा रबरी तळव्याच्या चपला किंवा बूट घाला. आईंनी कोरड्या वाळूच्या पट्ट्यावरून चालावं. तटाखाली भुयारांसारखी तोंडं दिसली तर आत शिरू नका.

दादर_पश्चिम

त्रयोदशीचा शनिवार नक्की केला. शेवटचा प्रश्न. एकाने सुचवलं की परतताना मांडव्याची गर्दी टाळायला रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच घ्या, स्वस्तही पडते. ते बरोबर आहे का?

भांग_उधाण

स्वस्त पडते हे खरं, पण त्या दिवशी नको. रेवस बंदरात गाळ आहे आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला अडचण होते. उधाणाच्या दिवसांत सगळ्यात खालची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळीच येते, म्हणजे नेमकी लोकांच्या जायच्या-यायच्या वेळी. त्रयोदशीला साडेचारला ओहोटी, पाच-साडेपाचला पाणी अजून खालीच. लाँच उशिरा सुटते, नाहीतर त्या वेळची फेरी रद्द होते, आणि तिथून मांडवा गाठेपर्यंत गेटवेची शेवटची लाँच निघून गेलेली असते. भांगाच्या दिवशी, दुपारी, एकटा माणूस असेल तर रेवस ठीक.

मांडव्याला गर्दी वाटली तर भाऊच्या धक्क्याची रो-रो बघा. ती मोठी आहे, गाडी नसली तरी माणसांना तिकीट मिळतं, पण संध्याकाळच्या फेऱ्या मोजक्या असल्याने तिकीट आधी काढून ठेवावं लागतं आणि अर्धा तास आधी हजर व्हावं लागतं. उतराल ते माझगावला, दादरसाठी टॅक्सीने डॉकयार्ड रोड किंवा सरळ घर.

खाडीपलीकडे

एकच जोडतो. गेटवेची लाँच घेतलीत तर परतीचं तिकीट मांडव्याला नाही, अलिबागलाच कंपनीच्या ऑफिसातून काढा, म्हणजे बस त्यात येते. सकाळी अलिबागला उतरलात की लगेच काढलंत तर संध्याकाळची बस आणि लाँच दोन्हींची जागा नक्की होते. लाँचवर आईंना खालच्या डेकवर मध्यभागी बसवा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. लाइफ जॅकेट सुटायच्या आधीच अंगात घालून बंद लावून घ्या, मुलाचं आकाराने बसतं का ते बघून. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा चढतो तसा जानेवारीत नसतो, पण संध्याकाळी डेकवर गार लागतं, एक शाल वर ठेवा.